शेजारधर्म बेटांचा

गेल्या अंकात मी पॅसिफिकमधल्या प्रवाळबेटांवरच्या दवाखान्यांविषयी लिहिलं होतं. हवामान बदलतंय तसे तिथले आजार बदलताहेत आणि एकेकटा देश त्यांना पुरा पडत नाही, असा त्याचा थोडक्यात आशय. त्यावर बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देते आहे. माझी नोकरी फिजीच्या राजधानीत, सुव्यात होती; काम होतं आसपासच्या देशांतल्या साथींवर लक्ष ठेवण्याचं. नंतर थोडा काळ कॅरिबियनमध्येही होते.

प्रश्न : डॉक्टर, समुद्र वाढला की जमीन जाणार हे शाळेपासून ऐकतोय. पण जमीन जाण्याआधीच माणसं आजारी का पडतात? (विज्ञान शाखेचा विद्यार्थी)

उत्तर : जमिनीच्या कितीतरी आधी पाणी जातं म्हणून. प्रवाळबेटावर नदी नसते, डोंगर नसतो. पडलेला पाऊस वाळूतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर गोड्या पाण्याचा थर तरंगत राहतो. तिथली विहीर म्हणजे त्या थरापर्यंत खणलेला खड्डा. उधाणाच्या लाटा बेटावर चढल्या, किंवा पाऊस लांबला आणि उपसा तसाच चालू राहिला, की हा थर खारा होतो. तो पुन्हा गोडा व्हायला महिने लागतात, कधी त्याहून जास्त. तुवालूच्या फुनाफुतीवर लोक मुख्यतः छपरावरून टाकीत साठवलेल्या पावसाच्या पाण्यावर जगतात. 2011 साली ला निनामुळे तिथे पाऊस दडी मारून बसला. 28 सप्टेंबरला सरकारने आणीबाणी जाहीर केली आणि घरटी दिवसाला 40 लिटर पाणी मोजून मिळू लागलं. त्यातच पिणं, रांधणं, अंघोळ, बाळाचे कपडे. अशा वेळी घरातली बाई सगळ्यात आधी हात धुण्याचं पाणी वाचवते. फुनाफुतीवर त्याच दुष्काळात जुलाबाची साथ आली.

मग अन्न. तुवालूत पुलाका आणि किरिबातीत बाबाई नावाचे अळूच्या जातीचे मोठे कंद लावतात. खड्डा खणून, मुळं त्या गोड्या थरात राहतील असे. खारं पाणी शिरलं की कंद कुजतो. असे खड्डे पिढ्यान् पिढ्यांच्या पाल्यापाचोळ्याने पोसलेले असतात, ते वर्षभरात नव्याने उभे राहत नाहीत. मग घरात येतो तो बोटीने आलेला तांदूळ, मैदा, साखर, डब्यातलं खारवलेलं मांस. मधुमेहाचं प्रमाण जगात सर्वाधिक असलेल्या देशांत पॅसिफिकमधले देश वरच्या बाजूला आहेत. सगळा दोष हवामानाला देणं बरोबर नाही; वसाहतींचा आणि व्यापाराचा त्यात मोठा वाटा आहे. पण ज्या रुग्णाला मी 'पूर्वीचं खाणं खा' असं सांगत होते, त्याचा खड्डाच खारा झालेला असे. हे त्याने शांतपणे सांगितलं की माझ्याकडे उत्तर नसे.

डोंगराळ बेटांवर चित्र उलटं दिसतं, तिथे पाणी जास्त होतं. फिजीच्या पश्चिम भागात 2012 साली जानेवारीत आणि मार्चमध्ये असे दोन पूर आले. पाठोपाठ लेप्टोस्पायरोसिसची साथ : 576 रुग्ण, 40 मृत्यू. उंदीर, डुकरं, गुरं यांच्या लघवीतले जंतू पुराच्या पाण्यातून अनवाणी पायांपर्यंत पोहोचले होते.

प्रश्न : तुवालूची लोकसंख्या जेमतेम 11 हजार. परदेशी मदतीतून तिथे एक उत्तम इस्पितळ बांधून द्यावं, प्रश्न मिटला. त्यासाठी 'प्रादेशिक सहकार्य' असं मोठं प्रकरण कशाला हवं? (निवृत्त बँक अधिकारी)

उत्तर : इस्पितळ आहे. फुनाफुतीवरच्या त्या इस्पितळाचं नाव प्रिन्सेस मार्गारेट. (कॅरिबियनमधल्या डॉमिनिकाच्या मुख्य इस्पितळाचंही बरीच वर्षं हेच नाव होतं. दोन महासागर, एकच साम्राज्य.) इमारत उभी करणं हा यातला सोपा भाग. रिबीन कापायला पाहुणे येतात, फोटो निघतो. पुढची तीस वर्षं तिथे इन्सुलिन कुठून येणार, रक्ताचा नमुना तपासणार कोण, एकुलती एक भूलतज्ज्ञ बाळंतपणाच्या रजेवर गेली तर शस्त्रक्रिया कशी होणार, यासाठी फोटो काढायला कुणी येत नाही.

तुम्ही बँकेत होतात, म्हणून औषधखरेदीपासून सुरुवात करते. 11 हजार लोकांना लागून लागून किती इन्सुलिन लागणार? कंपनीच्या लेखी ती ऑर्डर इतकी किरकोळ, की भाव लावताना घासाघीस करायला जागाच नाही. त्यात छोट्या सरकारांची बिलं थकतात, आणि उधारी बुडण्याची भीती विक्रेता भावात धरतो. पूर्व कॅरिबियनमधल्या बेटांनी 1986 साली यावर तोडगा काढला. सेंट लुशिया, ग्रेनाडा, डॉमिनिका, सेंट व्हिन्सेंट, अँटिग्वा आणि शेजारच्या बेटांनी औषधांची खरेदी एकत्र करायचं ठरवलं. निविदा एक, औषधांची यादी एक. प्रत्येक देशाने आपल्या वर्षाच्या औषधखर्चाचा एक तृतीयांश भाग सगळ्यांच्या सामाईक मध्यवर्ती बँकेत आधीच जमा करायचा, म्हणजे विक्रेत्याला वेळेवर पैसे मिळणार याची हमी. भाव उतरले, आणि ती व्यवस्था आजही चालू आहे. मला तिचं मोल आणखी एका कारणासाठी वाटतं. यादी एकच असल्यामुळे एका बेटावर वादळ झालं तर शेजारच्या बेटावरचा साठा तिथल्या नर्सच्या ओळखीचा असतो. गोळी तीच, मात्रा तीच.

आता प्रयोगशाळा. मायक्रोनेशियातलं याप हे सात-आठ हजार वस्तीचं बेट. 2007 साली तिथल्या डॉक्टरांना अंगावर पुरळ, सांधेदुखी, लाल डोळे असे रुग्ण दिसू लागले. डेंग्यू म्हणावा तर चित्र नीट जुळेना. नमुने अमेरिकेत कोलोरॅडोच्या प्रयोगशाळेत गेले तेव्हा कळलं, हा झिका आहे, डासांमधून पसरणारा विषाणू. आफ्रिका आणि आशियाच्या बाहेरची झिकाची ती पहिली साथ. पुढे अभ्यासात आढळलं की तीन वर्षांवरच्या सुमारे तीन-चतुर्थांश लोकांना त्याची लागण झाली होती. यापने स्वतःची विषाणू प्रयोगशाळा उभारायला हवी होती, असं कुणीच म्हणणार नाही. पण नमुना कुठे पाठवायचा, कोणत्या विमानाने, खर्च कुणाचा, हे साथ आल्यावर ठरवणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. 1996 पासून पॅसिफिकमधले 22 देश आणि प्रदेश साथ-देखरेखीच्या एका जाळ्यात बांधले गेले आहेत. त्यात हे आधीच ठरलेलं असतं : छोटी तपासणी जागेवर, त्यापुढची शेजारच्या मोठ्या बेटावर, सगळ्यात अवघड ती ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड किंवा न्यू कॅलिडोनियात.

त्या जाळ्यात रोजचं काम साधं असतं. ठरलेल्या दवाखान्यांनी दर आठवड्याला चार गोष्टी कळवायच्या : पुरळ आणि ताप, जुलाब, फ्लूसारखा आजार, लांबलेला ताप. रोगाचं नाव माहीत असायची गरज नाही, नुसता आकडा. 'शून्य' असेल तर शून्य कळवायचं. एखाद्या बेटावरून काहीच आलं नाही की मी फोन हातात घ्यायची, कारण गप्प बसलेल्या दवाखान्यात एक तर नर्स नसते, नाहीतर तिला श्वास घ्यायला फुरसत नसते. दोन्ही बातम्या वाईटच.

कॅरिबियनने 2013 पासून पाच जुन्या संस्था एका छताखाली आणल्या. त्रिनिदादमधल्या पोर्ट ऑफ स्पेनहून ती एकत्रित आरोग्यसंस्था सगळ्या बेटांसाठी काम करते. पोषण, पर्यावरण, संशोधन, औषधांची तपासणी आणि साथरोग हे पूर्वी पाच ठिकाणी, पाच पत्रांनी विचारावं लागायचं.

शिक्षणातही हे जुनंच आहे. 1875 साली गोवराने फिजीत सुमारे 40 हजार माणसं नेली. त्यानंतर दहा वर्षांनी, 1885 मध्ये, सुव्यात स्थानिक मुलांना देवीची लस टोचायला शिकवणारी वैद्यकीय शाळा निघाली. पुढे आसपासच्या बेटांवरची मुलंही तिथे येऊ लागली. आज पॅसिफिकमधल्या कित्येक दवाखान्यांत तिथे शिकलेला डॉक्टर भेटतो. साहेब, अशी शाळा 11 हजारांचा देश एकटा कशी चालवणार?

प्रश्न : ताई, आरोग्यातली 'विषमता' असा शब्द तुम्ही वापरला होता. वादळ तर सगळ्यांवर सारखंच येतं ना? (नर्सिंगची विद्यार्थिनी)

उत्तर : वादळ सारखं येतं, पण वीज सगळ्यांकडे एकाच दिवशी परत येत नाही. 20 सप्टेंबर 2017 ला मारिया चक्रीवादळ पोर्टो रिकोवर धडकलं. सरकारी मृतांचा आकडा बराच काळ 64 होता. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये, एका विद्यापीठाच्या अभ्यासानंतर, सरकारने तो 2,975 केला. मधली ही माणसं पडझडीत गेली नव्हती. वीज नाही, रस्ता नाही, औषध नाही, ऑक्सिजनचं यंत्र बंद, अशा अवस्थेत ती पुढच्या सहा महिन्यांत गेली. त्या अभ्यासात सर्वाधिक धोका दिसला तो गरीब वस्त्यांना आणि 65 वर्षांवरच्या पुरुषांना.

पोर्टो रिकोच्या पूर्वेला व्हिएकेस नावाचं छोटं बेट आहे. तिथलं एकुलतं एक इस्पितळ वादळात निकामी झालं. डायलिसिसचे रुग्ण त्यानंतर कितीतरी काळ आठवड्यातून तीनदा विमानाने मुख्य बेटावर जात राहिले, थकलेल्या शरीराने, हवा चांगली असेल तेव्हा. तू डायलिसिस वॉर्डात काम केलं असशील तर यातलं काय काय चुकू शकतं ते तुला सांगायला नको. आणि हा अमेरिकेचा प्रदेश. त्याच आठवड्यात, 18 सप्टेंबरला, डॉमिनिका या स्वतंत्र देशाला तेच वादळ त्याच्या सगळ्यात भीषण श्रेणीत झोडपून गेलं होतं.

पासपोर्ट कोणता, यावर खूप काही ठरतं. हिंदी महासागरात रेयुनियन हा फ्रान्सचा भाग. कोमोरोस स्वतंत्र आणि गरीब. 2005-06 मध्ये चिकुनगुन्या दोन्हीकडे पसरला. (आपल्याकडे 2006 साली आला तो त्याच लाटेतला.) रेयुनियनमधला सुमारे 2 लाख 66 हजारांचा आकडा आपल्याला आज माहीत आहे, कारण तिथे मोजणारी यंत्रणा होती. दोन्ही बेटं हिंदी महासागर आयोगाची सदस्य आहेत, मॉरिशस, सेशेल्स आणि मादागास्करसोबत. या साथीनंतर आयोगाने सामाईक साथ-देखरेखीचं जाळं विणलं. अशा जाळ्याचा खरा उपयोग कोमोरोसला आहे, कारण रेयुनियनच्या पाठीशी पॅरिस असतंच.

आणि मग देशाच्या आतली दरी. किरिबातीची 33 बेटं हजारो किलोमीटरच्या समुद्रात विखुरलेली. राजधानी तारावात डॉक्टर असतो. बाहेरच्या बेटावर असते ती एक नर्स. सौरऊर्जेवरचा लशींचा फ्रिज, भिंतीवर रेडिओ, टाकीत पावसाचं पाणी. प्रसूतीत रक्तस्राव सुरू झाला तर ती रेडिओवर तारावाला विचारते, पण विमान उद्या. मी अशा एका बेटावर गेले असताना तिथल्या नर्सने मला तिची नोंदवही दाखवली. जुलाबाच्या रुग्णांपुढे तिने स्वतःहून आणखी एक रकाना आखला होता : 'कोणती विहीर.' तो रकाना आमच्या छापील तक्त्यात नव्हता. आपल्या सहकाऱ्यांचं काम मोजताना मी आजही त्या रकान्याशी ताडून बघते. सुव्याला किंवा पोर्ट ऑफ स्पेनला घेतलेला निर्णय तिच्यापर्यंत पोहोचला का? तिने लिहिलेलं वर पोहोचलं का?

प्रश्न : खरं सांगा, या प्रादेशिक संघटना म्हणजे परिषदा, ठराव, सामूहिक छायाचित्र. प्रत्यक्षात काही होतं का? (पत्रकार)

उत्तर : ठराव पुष्कळ झाले आहेत, हे कबूल. 1995 मध्ये फिजीच्या यानुका बेटावर पॅसिफिकच्या आरोग्यमंत्र्यांनी 'निरोगी बेटं' अशी संकल्पना मांडली. मुलं जिथे शरीराने आणि मनाने नीट वाढतील, म्हातारपण सन्मानाने येईल, असं त्यात म्हटलं आहे. सुंदर मसुदा आहे, पण त्यानंतर मधुमेह वाढतच गेला. 2017 मध्ये बॉनच्या हवामान परिषदेत, फिजीकडे अध्यक्षपद असताना, जागतिक आरोग्य संघटनेने छोट्या बेटांसाठी खास उपक्रम जाहीर केला. पैसा त्याच्या मागे संथपणे आला.

पण सहकार्य नसलं की काय होतं, तेही इतिहासात नोंदलेलं आहे. नोव्हेंबर 1918. ऑकलंडहून निघालेलं तालून हे जहाज पश्चिम सामोआत आपियाला लागलं, फ्लू घेऊन. तिथल्या न्यूझीलंडच्या प्रशासनाने रुग्णांना उतरू दिलं. सुमारे 8,500 माणसं गेली, म्हणजे दर पाचांत एक. थोड्याच अंतरावरच्या अमेरिकन सामोआत गव्हर्नर पॉयर यांनी कडक विलगीकरण लावलं. तिथे एकही मृत्यू झाला नाही. त्यांनी देऊ केलेली वैद्यकीय मदत पश्चिम सामोआच्या प्रशासकाने घेतली नाही. एकाच भाषेची, एकाच रक्ताची माणसं, मध्ये फक्त दोन सत्ता. 2002 मध्ये न्यूझीलंडच्या पंतप्रधान हेलन क्लार्क यांनी सामोआची माफी मागितली. हवामानाशी याचा संबंध नाही, तरी हे लिहिते आहे, कारण साथीची खबर शेजाऱ्याला देणं आणि शेजाऱ्याची मदत घेणं यात दिरंगाई झाली की किंमत कोण मोजतं, याचा इतका उघडा हिशेब दुसरीकडे सापडणार नाही.

आता जे चाललंय त्यातलं मला सगळ्यात आवडतं ते सांगते. बार्बाडोसमधल्या एका अभ्यासात दिसलं की डेंग्यूचा धोका अतिवृष्टीनंतर एक-दोन महिन्यांत वाढतो, आणि दुष्काळानंतरही वाढतो, पण चार-पाच महिन्यांनी. पाऊस नसला की लोक पिंपं, टाक्या भरून ठेवतात, आणि डास तिथे अंडी घालतात. म्हणजे हवामानखात्याचा दुष्काळाचा अंदाज हा आरोग्यखात्याला डेंग्यूचा इशारा ठरू शकतो. कॅरिबियनची सामाईक हवामानसंस्था बार्बाडोसमध्येच आहे. ती, पोर्ट ऑफ स्पेनची आरोग्यसंस्था आणि अमेरिका खंडाची आरोग्य संघटना मिळून 2017 पासून दर तिमाहीला एक पत्रक काढतात : येत्या तीन महिन्यांत उष्णता किती, पाऊस किती, सहाराची धूळ किती, आणि त्यामुळे दम्याचे, डेंग्यूचे, उष्माघाताचे रुग्ण कुठे वाढू शकतात. सहाराची धूळ अटलांटिक ओलांडून तिथे येते आणि लेकरांचा दमा उफाळतो. हवामान आणि आरोग्य ही दोन खाती प्रत्येक देशात वेगवेगळ्या इमारतींत बसतात. देशाच्या आत जे जमत नव्हतं, ते प्रदेशाच्या पातळीवर जमलं.

आणि जे जमत नाही तेही लिहायला हवं. फिजीने घडवलेल्या नर्सेस मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडला जातात. हेच दोन देश पॅसिफिकच्या आरोग्याला सर्वाधिक मदत करणाऱ्यांत आहेत. एका हाताने निधी द्यायचा आणि दुसऱ्या हाताने माणसं न्यायची, याला मी सहकार्य म्हणत नाही. जाणाऱ्या नर्सला दोष नाही, तिलाही घर आहे. पण जो देश तिला नेतो, त्याने तिच्या शिक्षणाचा खर्च तिच्या देशाला परत द्यावा. हे मी बैठकींतही बोलले आहे आणि त्यावर दरवेळी चहाची सुट्टी झाली आहे.

प्रश्न : पैसे कुणी द्यायचे? (अनेकांनी विचारलं)

उत्तर : ज्यांनी हवा तापवली त्यांनी. छोट्या बेटांच्या 39 देशांचा जगाच्या उत्सर्जनातला वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. ते पैसे येईतोवर हे देश स्वतःही पैसा उभा करताहेत : कॅरिबियन देशांनी 2007 मध्ये वादळ-भूकंपासाठी सामाईक विमा उभारला. मारियानंतर त्यातून डॉमिनिकाला दोन आठवड्यांत सुमारे 1.9 कोटी डॉलर मिळाले. नुकसान होतं सुमारे 130 कोटी डॉलरचं. म्हणजे पगार आणि डिझेल भागतं, देश उभा राहत नाही. त्यासाठी 2022 च्या हवामान परिषदेत ठरलेला हानी-भरपाईचा निधी आहे, त्यात गरजेच्या मानाने फार थोडं पडलं आहे. तरी मला आशा वाटते ती पॅसिफिकमधल्या वानुआतू देशात शिकणाऱ्या पोरांमुळे. 2019 मध्ये दक्षिण पॅसिफिक विद्यापीठात कायदा शिकणाऱ्या 27 विद्यार्थ्यांनी ठरवलं की हा प्रश्न आंतरराष्ट्रीय न्यायालयात न्यायचा. वानुआतूने तो उचलला, शेजारी देश पाठीशी उभे राहिले, आणि 23 जुलै 2025 ला न्यायालयाने एकमताने मत दिलं की हवामानाचं रक्षण करणं हे राष्ट्रांचं कायदेशीर कर्तव्य आहे आणि ते मोडलं तर भरपाईचा प्रश्न येऊ शकतो. मत सल्ल्याच्या स्वरूपाचं आहे, पण यापुढे निधीच्या बैठकीत बेटांचा प्रतिनिधी याचक म्हणून बसणार नाही.

प्रश्न : मॅडम, मी नुकतीच एम.डी. झाले. अशा ठिकाणी काम करायची इच्छा आहे. काय तयारी करू? (तरुण डॉक्टर)

उत्तर : लशींची शीतसाखळी स्वतःच्या हाताने सांभाळायला शीक, फ्रिजचं तापमान नोंदवण्यापासून. पाण्यातली क्लोरीन मोजायला शीक. मधुमेही पायाची जखम स्वच्छ करणं आणि अडलेल्या बाळंतिणीला बोटीतून नेईपर्यंत स्थिर ठेवणं, हे जमलंच पाहिजे. फिजीत जाणार असलीस तर तुझं हिंदी तिथल्या फिजी हिंदीच्या जवळ जाईल, पण गावात इतौकेई, म्हणजे मूळ फिजियन लोकांशी बोलायला त्यांची भाषा लागेल. पहिल्या महिन्यापासून शिकवणी लाव. करार वाचताना एवढं बघ, की तुझ्या जागी स्थानिक डॉक्टर किंवा नर्स तयार करणं हे तुझ्या कामात लिहिलेलं आहे की नाही. नसेल तर लिहून घे. आणि बोट लागत असेल तर गोळी बोट सुटायच्या तासभर आधी घ्यायची, सुटल्यावर नव्हे.